गोवराची आठवण, गोवराचा विसर

फुप्फुसात आणि त्वचेत ठाण मांडून बसणाऱ्या टी पेशी या प्रतिकारपेशींविषयी या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. एका वाचक आजींचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मनातून जाईना. त्या विचारतात, ‘गोवर एकदा आला की पुन्हा येत नाही, हे खरं. पण गोवर येऊन गेलेलं पोर पुढे कितीतरी दिवस या ना त्या दुखण्यानं बेजार का असायचं?’

आजींचं निरीक्षण अचूक आहे.

आधी शरीर गोवराशी लढतं कसं, ते पाहू. काही मुलांच्या शरीरात जन्मतःच प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना ओळखून जखडणारी रक्तातली प्रथिनं, जवळजवळ बनत नाहीत. ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. तरीही अशा मुलांना गोवर झाला, तर अंगावर नेहमीसारखं पुरळ येतं आणि ती बरी होतात. म्हणजे गोवर आटोक्यात आणण्याचं मुख्य काम टी पेशींचं. पुरळ हीसुद्धा त्यांचीच खूण: त्वचेतल्या विषाणूग्रस्त पेशींवर त्या तुटून पडतात, म्हणून अंग लाल होतं. ज्यांच्या टी पेशी दुबळ्या असतात त्यांना कधी कधी पुरळ उठतच नाही, आणि तोच गोवर जास्त जीवघेणा ठरतो.

आता आजींचा प्रश्न: गोवरानंतरची दुखणी. १९०८ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. क्षयाचे जंतू शरीराच्या ओळखीचे असले, तर ट्यूबरक्युलिनच्या चाचणीत त्वचेवर गाठ उठते. पण गोवर अंगात असताना त्याच मुलांच्या त्वचेवर काही उठेना! ही गाठ टी पेशींच्या स्मृतीमुळे येते, हे कळायला पुढे अर्धं शतक जावं लागलं.

गोवराचा विषाणू पेशीत शिरतो तो सीडी १५० या रेणूच्या दारातून, हे २००० साली उलगडलं. हा रेणू नवख्या टी पेशींपेक्षा स्मृतिपेशींवर जास्त असतो. त्यामुळे जुन्या आजारांची ओळख जपणाऱ्या पेशीच आधी बळी पडतात. आठवड्याभरात रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या पूर्ववत होते आणि सारं सुरळीत वाटतं. पण नव्यानं भरती झालेल्या पेशींत गोवर ओळखणाऱ्यांचाच भरणा मोठा असतो. गोवर पक्का लक्षात राहतो. बाकीच्यांची ओळख पुसट होते.

प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींकडची स्मृतीही यातून सुटत नाही. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांचा साठा ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेला आढळला. हा खड्डा आपोआप भरत नाही. त्या जंतूंशी पुन्हा गाठ पडावी लागते, किंवा पुन्हा लस घ्यावी लागते. तोवर पोर आजारी पडत राहतं.

लसीतला दुबळा केलेला विषाणू गोवराची आठवण देतो, पण हा विसर पाडत नाही. म्हणून नवव्या महिन्यानंतरचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा, असे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस चुकवू नका. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला, तेव्हा दगावलेल्या मुलांची चर्चा झाली. पण गोवरातून वाचलेल्या मुलांनाही पुढची दोन-तीन वर्षं तितक्याच काळजीनं सांभाळायला हवं.

आजी, उत्तर लांबलं. ठाण मांडून बसणाऱ्या पेशी पुढच्या आठवड्यात नक्की.