बाजरीतले विष आणि डुकरिणीचे दूध

कुरवंड्यात जुलैमध्ये कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी आली तर कुणी त्याची बातमी करत नाही. नागफणीच्या कड्यावर आदळणारे ढग गावातच मुक्काम ठोकतात. लोणावळ्याच्या या माथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आर्द्रता दिवसचे दिवस नव्वद टक्क्यांच्या पुढे असते. अशा हवेत कोरडे धान्य कोरडे राहत नाही. बारा टक्के ओलाव्याचा मका उघड्या पोत्यात ठेवला, तर छपरातून थेंबभर न गळताही तो हवेतले पाणी ओढून घेतो आणि सतरा-अठरा टक्क्यांकडे सरकतो. साधारण चौदा टक्के ओलांडले की साठवणीतल्या बुरशीला मोकळे रान मिळते.

पोते उघडल्यावर कुबट वास आला, दाण्यांवर हिरवट-काळी लव दिसली, की बहुतेक घरांत निवाडा ठरलेला असतो: माणसाला नको, जनावराला घाला. मावळात जनावर म्हणजे आधी गाय-म्हैस. डुक्कर तर या उतरंडीत सगळ्यात खाली. हॉटेलचे खरकटे, शिळे पाव, भिजलेला भरडा, सारे त्याच्या वाट्याला. त्याला काही बाधत नाही, असा आपला समज. प्रत्यक्षात बुरशीच्या विषांपुढे डुक्कर हा पाळीव प्राण्यांतल्या सर्वात नाजूक प्राण्यांपैकी एक आहे.

याचा एक धागा थेट आपल्या बाजरीशी जुळतो. १९५६-५७ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरीची भाकरी खाऊन माणसे आजारी पडू लागली. मळमळ, उलट्या, गरगरणे, मग गुंगी. १९५८ मध्ये डॉक्टरांनी याचा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोष अरगटाचा होता. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, ओली हवा राहिली की ही बुरशी फुलातून आत शिरते. आधी कणसावर मधासारखे चिकट थेंब दिसतात, मग दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठ तयार होते. मळणीत ती गाठ धान्यात मिसळते आणि जात्यातून पिठात जाते. युरोपात राय नावाच्या धान्यावरच्या अरगटाने शतकानुशतके माणसांची बोटे, पाय झडले. बाजरीवरच्या अरगटातली रसायने वेगळी, त्यामुळे इथे ते संकट आले नाही.

जवळपास त्याच काळात आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या भागात, पशुवैद्य एका कोड्यात पडले होते. तिथेही बाजरी पिकते आणि ती डुकरांच्या खाद्यात जाते. व्यायलेल्या डुकरिणी वरकरणी धडधाकट दिसत, पण कास भरत नसे, दूधच उतरत नसे. पिल्ले उपाशी मरत. खाद्यातल्या बाजरीत अरगट सापडले आणि १९५९ मध्ये हा संबंध छापून आला. १९६७ मध्ये या बुरशीला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळून क्लॅव्हिसेप्स फ्युजिफॉर्मिस हे नाव मिळाले. आपल्याकडच्या बाजरीवर पडते ती हीच.

दूध का आटते, हे पुढच्या संशोधनातून उलगडले. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक सोडते आणि त्याच्या इशाऱ्यावर कास कामाला लागते. अरगटातली अल्कलॉइड रसायने मेंदूतल्या डोपामिनची नक्कल करतात, आणि डोपामिन हा प्रोलॅक्टिनचा लगाम आहे. स्त्रीचे दूध थांबवण्यासाठी दिले जाणारे ब्रोमोक्रिप्टिन हे औषध अरगटाच्याच कुळातल्या रसायनापासून बनलेले आहे, यातच सगळे आले. भाकरी खाणाऱ्या माणसाला उलटी झाली, त्याने ते पीठ बाजूला ठेवले, दोन दिवसांत बरा झाला. डुकरीण मात्र तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस गाभण असते आणि समोर येईल तेच खाते. तिची तक्रार कळते ती व्यायल्यानंतर.

अरगट निदान डोळ्यांना दिसते. फ्युजेरियम कुळातल्या बुरशींचे तसे नाही. मक्याच्या कणसात त्या शेतातच घुसतात, परतीच्या पावसाने कणीस भिजले की फोफावतात आणि दाणा वाळला की बुरशीची वाढ थांबते. विष मात्र दाण्यातच राहते. म्हणून मका स्वच्छ दिसतो, यावरून काहीच सिद्ध होत नाही. यातले झिअरालेनोन मादीच्या इस्ट्रोजेन संप्रेरकाचे सोंग घेते. अजून न व्यालेल्या तरुण माद्यांच्या योनीला सूज येते, त्या माजावर आल्यासारख्या दिसतात, पण नर दाखवूनही गाभण राहत नाहीत. अमेरिकेच्या मका पट्ट्यात हा प्रकार १९२८ मध्येच नोंदला गेला होता. जबाबदार रेणू १९६२ मध्ये हाती लागला. एवढी वर्षे लोक रोगजंतू शोधत बसले असतील तर नवल नाही. डुकराच्या शरीरात हा रेणू बदलून मूळच्यापेक्षाही जहाल रूप घेतो, हे त्याचे खास दुर्दैव.

दुसरे विष डीऑक्सिनिव्हॅलेनॉल. किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास असले तरी डुकराचे खाणे कमी होऊ शकते, दहाच्या पुढे गेले तर ते खाद्याकडे पाठ फिरवते, वीसच्या आसपास ओकते. हे खरे तर शहाणपण आहे, पण मालक खाद्यात गूळ घालून पाहतो. तिसरे फ्युमोनिसिन, १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ओळखले गेलेले. ते पेशींच्या आवरणातल्या मेदद्रव्यांची घडण बिघडवते, हृदयाचा जोर कमी करते, फुप्फुसात आणि छातीच्या पोकळीत पाणी भरते. १९८९ च्या अमेरिकी मक्याने अशी डुकरे मेली. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक-आंध्रच्या २७ गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, तेव्हाही धान्यात फ्युमोनिसिनच होते.

गाय-म्हैस यातल्या काही विषांतून सुटते, कारण तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव त्यांची मोडतोड करतात. डुकराला आपल्यासारखे एकच पोट. रेणू थेट आतड्यात. पण अस्परजिलस बुरशीचे अफ्लाटॉक्सिन गायीच्या पोटातही पूर्ण मोडत नाही. ओली शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड खाल्ली की त्याचा थोडा अंश रूप बदलून दुधात उतरतो. २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त निघाला. जनावराला घातलेले आपल्या चहात येते ते असे.

उपायांबद्दल बरेच भाबडे सल्ले फिरतात. उन्हात वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, विष जात नाही. शिजवून, भाजूनही अफ्लाटॉक्सिन बऱ्याच अंशी टिकते. चांगल्या मक्यात खराब मका मिसळणे म्हणजे विष वाटून देणे. बेंटोनाइटसारखी माती खाद्यात घातली तर अफ्लाटॉक्सिन चांगले धरून ठेवते, पण डीऑक्सिनिव्हॅलेनॉलवर तिचा फारसा प्रभाव नाही. पुडीवर ‘सर्व विषांवर’ असे छापले असले तरी. अरगटाला मात्र जुना, स्वस्त आणि खरा उपाय आहे: बाजरीचे बी वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचे. गाठी हलक्या, त्या तरंगतात; तळचे बी धुऊन वाळवून पेरायचे. घाटमाथ्यावर खाद्य साठवताना पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत आणि पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपुरतेच खाद्य आणावे.

झिअरालेनोनची सूज खाद्य बदलल्यावर बहुधा काही आठवड्यांत उतरते. निदान तितके सोपे नाही. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. एका कोपऱ्यातले मूठभर दाणे बरबटलेले आणि शेजारचे स्वच्छ, असे असते. त्यामुळे एका जागची मूठ तपासून मिळालेला निर्वाळा फसवा ठरतो. शिवाय मादी गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागते, तोवर ते पोते संपलेले असते. म्हणून दर नव्या खेपेला चार-पाच पोत्यांतून, वरून-खालून थोडे थोडे खाद्य काढून किलोभर कागदी पिशवीत, तारीख घालून कोरड्या जागी ठेवावे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. तिथे चौकशीला जाताना जनावराच्या लक्षणांसोबत ही पिशवीही हातात असावी.