पांदणीवर गाडी घालण्याआधी

सोयाबीन निघालं, थंडी पडायला लागली, म्हणजे औंढा-सेनगावकडच्या पांदणीवर बाईक काढायचे दिवस आले. पण काळी माती अजून पूर्ण भरवशाची नाही. वरून सुकलेली दिसते, आत ओल असते. हरभऱ्याला पाणी सुरू असतं, कुठे पाट फुटलेला असतो, आणि कोरड्या रस्त्यात अचानक दहा फूट चिखल. तो चाक आणि मडगार्डच्या मध्ये असा बसतो की चाकच फिरत नाही. बारीक काडी जवळ ठेवा, हसू नका.

येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या बाजूला पूर्णेकाठी निरभ्र, वारा नसलेल्या रात्रीनंतर पहाटे धुकं दाटतं. ऊन वर येईपर्यंत थांबलेलं बरं. त्याच वेळी रोही (नीलगाई) रस्ता ओलांडतात. एक दिसला की मागे कळप आहे असंच धरा. थंडीत टायरची हवाही उतरते, पारा पाच-सहा अंशांनी घसरला की साधारण एक पीएसआय. निघताना तपासा.

आता रीतभात. कापूस फुटलेला असेल तिथे गाडी हळू. धुरळा बोंडावर बसला की भाव पडतो. समोरून बैलगाडी आली तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, रेस तर मुळीच करू नका. पेरलेल्या रानातून शॉर्टकट नको. धुऱ्यावरच्या तारेला हात लावू नका, रानडुकरांसाठी झटका मशीन जोडलेलं असतं. सायलेन्सर काढून फिरणाऱ्यांनी मात्र घरीच बसावं!