कल्याणचं आरमार, ठाण्याचा किल्ला
लष्कर आणि आरमार यांच्यातली चुरस मराठ्यांना फार महागात पडली. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी काबीज केल्यावर शिवाजी महाराजांनी इथल्याच खाडीत जहाजं बांधायला घेतली. पुढे आरमाराची सूत्रं आंग्र्यांकडे गेली. घोडदळाच्या बळावर वाढलेल्या पेशव्यांशी त्यांचे खटके उडू लागले; आंग्रे आपल्या हुकमात राहत नाहीत, ही पुण्याची तक्रार. १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी चक्क इंग्रजांना सोबत घेऊन तुळाजी आंग्र्यांवर मोहीम काढली. विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचीच गुराबं-गलबतं जळून खाक झाली. माझ्या मते ही घोडचूकच. डिसेंबर १७७४ मध्ये त्याच इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचा मध्यवर्ती तुरुंग, जिंकला. त्यांना समुद्रावर रोखू शकेल असं आंग्र्यांच्या तोडीचं आरमार तेव्हा मराठ्यांकडे उरलं नव्हतं.