बॉनेटखालचा पंखा

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. माणसांना निदान सावलीत थांबता येते. भर दुपारी रस्त्यावर असलेल्या गाडीच्या इंजिनाला तेवढीही सोय नसते. त्याचा सगळा भार रेडिएटरवर आणि त्याच्या पंख्यावर.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. हवा ४५ अंशांवर गेली की उरतात ५०. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पण ताकद जवळजवळ चौथाईने घटली. पुण्यात खपून जाणारी वायरिंगची कुचराई वऱ्हाडात का नडते, ते या हिशेबात दिसते.

ॲम्बॅसेडरचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. त्याला वायर लागतच नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले, त्यामुळे समोरच्या रेडिएटरसाठी विजेचा वेगळा पंखा आला. आज बहुतेक मोटारींत तोच असतो, आणि जुन्या जीपलाही हौसेने बसवला जातो.

अमरावती–अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. अशा सरळ रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जाताना समोरून येणारा वाराच पुरतो. पंख्याची खरी परीक्षा होते ती अमरावतीच्या राजकमल चौकातल्या गर्दीत एसी लावून उभे असताना, किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना. चढ सुमारे ७०० मीटरचा, इंजिनवर ओझे पुरेपूर आणि वारा नावाला.

आता वायरिंगकडे. पंख्याची मोटर १५ अँपिअरच्या आसपास वीज ओढते, सुरू होताना तर क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या लहानशा स्विचमधून नेला की स्विच वितळतो. म्हणून मध्ये रिले हवा. त्याच्या ८५ आणि ८६ या पिनांमध्ये असते बारीक कॉइल. तिला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. एका पिनेला इग्निशनचा प्लस, दुसरी थर्मो स्विचमधून बॉडी अर्थला. पाणी तापले की स्विच जुळतो, कॉइलमधून वीज वाहते आणि ३० व ८७ या जाड पिना एकमेकींना मिळतात. ३० ला बॅटरीची वायर, ८७ वरून पंखा.

फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. तो पंख्यासाठी नसून वायरसाठी असतो: फ्यूजच्या अलीकडे वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला अडवणारे काहीच उरत नाही आणि गाडी पेट घेऊ शकते.

सर्वांत जास्त फसगत वायरच्या जाडीत होते. घरातल्या दिव्याला वापरतात ती १ चौरस मिलिमीटरची वायर जाता-येता चार मीटर टाकली, तर १५ अँपिअरला जवळपास एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. पंखा फिरताना दिसतो, पण दमाने फिरत नाही, आणि वायर तापत राहते. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर हीच गळती पाव व्होल्टच्या आसपास येते. अर्थची वायरही तितकीच जाड हवी. रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर घट्ट कसलेली.

थर्मो स्विच बिघडला की ‘फॅन डायरेक्ट करून द्या’ ही मागणी गॅरेजात हमखास होते. रस्त्यात अडकलेल्याला घरापर्यंत पोचवायला हा उपाय चांगला आहे, कायमचा मात्र नाही. मोटर विनाकारण झिजते, आणि हाताने चालवायचा स्विच असेल तर घाटात एकदा विसरला की हेड गॅस्केट गेलेच. नवा स्विच निवडताना तो थर्मोस्टॅट उघडण्याच्या अंशापेक्षा वरचा घ्यावा. खालचा घेतला, तर पंखा उन्हाळ्यात थांबायचेच नाव घेत नाही.

पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कवच पुष्कळदा दुरुस्तीत निघते आणि परत बसत नाही. वऱ्हाडात याचे महत्त्व सांगायला नको: कूलरची एक बाजू काढून ठेवली तर पंखा ओल्या गवतातून हवा ओढेल कशाला? कवच नसलेला पंखाही रेडिएटरला वगळून कडेची गरम हवाच घुसळत राहतो.

काम झाल्यावर गाडी उभी करून इंजिन तापू द्यावे आणि रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. आत दाबाखाली शंभराच्या वर तापलेले पाणी असू शकते. पंखा लागला की पुढच्या जाळीपाशी कागद धरावा. कागद जाळीला चिकटला तर हवा बरोबर आत जाते आहे. उडून बाहेर आला, तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. इग्निशन बंद करून, बॅटरीची पट्टी सोडवून, त्या फिरवून जोडाव्यात.