फुकटाचा हिशेब

बाजारात गेले की ‘एकावर एक फुकट’ची पाटी दिसते. साबणावर बशी, चहापुडीवर चमचा. घरची मंडळी खूश होतात. पण दुकान काही दानधर्मासाठी मांडलेले नसते. मग फुकट वाटून धंदा वाढतो का? वाढतो, पण प्रत्येकाचा नाही.

आपल्या चहाचेच बघा. शंभर वर्षांपूर्वी बहुतेक घरांत चहा होत नसे. १९०३ साली सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला आणि तो पैसा चहाच्या प्रचारासाठी वापरला. पुढे बाजारात आणि घरोघरी चहा कसा करायचा ते दाखवले गेले, फुकट कप पाजले गेले. चहाची पुडी संपते आणि पुन्हा आणावी लागते. सवय जडली आणि खर्च वसूल झाला. आज देशात पिकणारा बहुतेक चहा आपणच पितो.

उलट गोष्ट इंग्लंडातील हूवर कंपनीची. १९९२ साली तिने १०० पौंडांच्या खरेदीवर दोन विमान तिकिटे फुकट देऊ केली, पुढे तर थेट अमेरिकेची. तिकिटे मालापेक्षा महाग! गरज नसलेल्यांनीही केर ओढण्याची यंत्रे नेली. कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला आणि १९९५ मध्ये तिचा युरोपातील धंदा विकला गेला. लोकांना तिकीट हवे होते, यंत्र नव्हे.

तिसरा प्रकार मोठ्या भांडवलाचा. जिओने सप्टेंबर २०१६ ते मार्च २०१७ फोन आणि इंटरनेट फुकट दिले आणि तेवढ्यात १० कोटींवर ग्राहक जोडले. स्वस्त इंटरनेट गरिबाच्या हातात आले, हे खरेच. पण २०१८ मध्ये कर्जाने वाकलेली एअरसेल दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. स्पर्धक कमी उरले आणि जुलै २०२४ मध्ये सर्वच मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले.

बचत गटातील भगिनींनी यातून काय घ्यावे? मसाला विकायचा तर चव जरूर द्या, पण वही उघडून. समजा, किलोला ४०० रुपये खर्च येतो. त्याच्या दहा-दहा ग्रॅमच्या १०० पुड्या वाटल्या आणि पाव किलोच्या पाकिटामागे २५ रुपये सुटत असतील, तर १६ पाकिटे विकल्यावर खर्च भरून येईल. नफा त्यापुढे. वाटायचा तो आपलाच माल वाटा, सोबत बशी नको. वाटपाची रक्कम आधी ठरवा, आणि कर्ज काढून तर मुळीच वाटू नका.

ग्राहक म्हणूनही एकच प्रश्न विचारा : ही वस्तू फुकट मिळाली नसती, तर मी दुसरी घेतली असती का? उत्तर ‘नाही’ आले, तर पिशवी मिटा. फुकटाची किंमत कुणाच्या तरी खात्यावर पडतेच. ती आपल्या तर नाही ना, एवढे पाहायचे.