दोरी नसलेला बाहुला आणि मोजा घातलेला हात

'स्वातंत्र्य म्हणजे काय' हा प्रश्न आज आपण ग्रंथांतून न काढता १८ मिनिटांच्या एका बाहुलीपटातून काढू. चित्रपट चेकोस्लोव्हाकियातला, १९६५ सालचा. नाव 'रुका', म्हणजे हात. दिग्दर्शक यिर्झी त्रन्का. हा त्यांचा शेवटचा चित्रपट.

आधी तंत्र समजून घेऊ. बाहुला किंचित हलवायचा, कॅमेऱ्यानं एक चित्र घ्यायचं, पुन्हा किंचित हलवायचा. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं जातात, म्हणजे मिनिटाला १४४०. प्रत्येक स्थिती दोनदा टिपली तरी मिनिटाला ७२० वेळा हात लावावा लागतो. आणि गंमत बघा, इतके वेळा लागलेला तो हात आपल्याला एकदाही दिसत नाही. आपण 'कळसूत्री बाहुली' म्हणतो, तिथं निदान दोरी तरी दिसते. इथं तीही नाही.

आता गोष्ट. एक साधा कुंभार आहे. त्याच्याकडे एक फुलझाड आहे आणि त्या झाडासाठी तो कुंड्या घडवतो. एवढंच त्याचं जग. तिथं मोजा घातलेला एक प्रचंड हात येतो. हा खरा, माणसाचा हात. त्याचा हुकूम असा, की कुंडी नको, माझा पुतळा घडव. कुंभार नकार देतो. मग आमिषं येतात, धाक येतो. शेवटी त्याच्या अंगाला दोऱ्या बांधून त्याला सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवतात. तो पुतळा घडवतो, त्याला पदकंही मिळतात. पुढं मेणबत्तीच्या ज्योतीवर दोऱ्या जाळून तो घरी पळतो. भीतीपोटी दारं-खिडक्या बंद करत असताना त्याचीच कुंडी डोक्यावर पडते आणि तो मरतो. आणि तोच हात त्याची सरकारी इतमामानं अंत्ययात्रा काढतो!

आता शंका येईल. नकार देणारा बाहुलाही हातानंच हलवला ना? मग त्याचा नकार त्याचा कसा?

शंका रास्त आहे. पण दोन हातांतला फरक पाहा. मोजा घातलेल्या हाताला सगळीकडे स्वतःचंच रूप हवं आहे. पडद्यामागचा हात मात्र स्वतः दिसेनासा होतो, म्हणून बाहुला कोणीतरी होऊ शकतो. घडवणं वेगळं आणि आपल्या साच्यात ओतणं वेगळं. शिक्षकानं, आईबापांनीही हे विसरू नये.

त्रन्का बाहेर उभं राहून बोट दाखवत नव्हते. चेक चित्रपट उद्योग १९४५ मध्ये सरकारी झाला होता. त्याच व्यवस्थेत ते काम करत, आणि 'राष्ट्रीय कलावंत' ही पदवीही त्यांना मिळाली होती. पिंजऱ्याचं सोनं त्यांनी जवळून पाहिलं होतं. १९६९ च्या डिसेंबरात ते गेले. त्यानंतर या चित्रपटावर बंदी आली, ती जवळपास २० वर्षं टिकली.

घरी जाऊन चित्रपट दोनदा पाहा. पहिल्यांदा कुंभाराचा चेहरा पाहा. तो अख्ख्या चित्रपटात बदलत नाही. प्रकाश आणि कोन बदलतात, आणि दुःख आपणच त्यात वाचतो. दुसऱ्यांदा ती कुंडी पाहा. हातानं त्याला थेट मारलं नाही. दार लावलं तेव्हा हात बाहेर होता, पण त्याची भीती आत शिरलेली होती. सत्तेला प्रत्येक वेळी घरात यावं लागतंच असं नाही. एवढं मनात ठेवा, बाकी प्रश्नोत्तरांत बोलू.