फुप्फुसावरील शस्त्रक्रिया : उपद्रव व रुग्णालयीन खर्च

फुप्फुसाचा कर्करोग, क्षयरोग, जंतुसंसर्ग इत्यादींमुळे विकृत झालेला भाग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यानंतर पुष्कळ रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातात. काहींच्या बाबतीत मात्र उपद्रव उद्‌भवतात व त्यांच्यावरील खर्च मूळ शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या कित्येक पट होऊ शकतो. ईव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी १९३३ मध्ये सेंट लूइस (अमेरिका) येथे कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वी रीत्या काढले. त्यानंतर भूलशास्त्र, प्रतिजैव औषधे व कृत्रिम श्वसनयंत्रे यांतील प्रगतीने मृत्यूचे प्रमाण बरेच घटले. उपद्रव मात्र पूर्णतया टळलेले नाहीत.

प्रमुख उपद्रव : फुप्फुसाच्या कापलेल्या पृष्ठभागातून होणारी हवागळती हा नेहमी आढळणारा उपद्रव होय. ती पाच दिवसांहून अधिक टिकल्यास दीर्घकालीन समजतात. छातीतील निचरा नळी तोपर्यंत काढता येत नसल्याने रुग्णालयातील मुक्काम लांबतो. हृदयाच्या अलिंदाचे जलद व अनियमित स्पंदन, न्यूमोनिया व कफ साचून फुप्फुसाचा भाग मिटणे हेही वारंवार आढळतात. श्वासनलिकेचे शिवलेले टोक उसवून परिफुप्फुस-पोकळीशी मार्ग निर्माण होणे, त्या पोकळीत पू साचणे (पूयवक्ष), रक्तस्राव आणि तीव्र श्वसननिष्फलता हे विरळ पण गंभीर उपद्रव आहेत.

खर्चाचे स्वरूप : हवागळतीच्या रुग्णाचे जादा दिवस साध्या कक्षात जातात, त्यामुळे दर दिवसाचा खर्च बेताचा असतो. याउलट न्यूमोनियामुळे श्वसननिष्फलता झाल्यास अतिदक्षता विभाग, श्वसनयंत्र, अहोरात्र परिचर्या, वारंवार तपासण्या व महाग औषधे लागतात. श्वासनलिका उसवल्यास पुन्हा शस्त्रक्रियाही करावी लागते. म्हणून एखाद्या उपद्रवाचा रुग्णालयावर पडणारा एकूण भार त्याची वारंवारता व दर रुग्णामागील खर्च या दोहोंवरून ठरतो. थोड्या रुग्णांवर फार मोठा खर्च होत असल्याने सरासरी खर्च मध्यक खर्चापेक्षा बराच जास्त येतो. तुलना करताना रुग्णाचे वय, धूम्रपान व आधीची श्वसनक्षमता विचारात घ्यावी लागते; कारण याच गोष्टी उपद्रव व खर्च दोन्ही वाढवितात. शिवाय कमी खर्च म्हणजे उत्तम उपचार असे नव्हे. लवकर मृत्यू पावलेल्या रुग्णाचा खर्चही कमीच भरतो.

खर्च कोण सोसतो : प्रत्येक सेवेचे वेगळे मूल्य आकारल्यास उपद्रवांचा बोजा रुग्ण किंवा विमा कंपनी यांवर पडतो, रुग्णालयाचे उत्पन्न मात्र वाढते. ठराविक रकमेच्या पद्धतीत तो रुग्णालयावर येतो. अमेरिकेत मेडिकेअर योजनेने १९८३ पासून निदानगटांनुसार पूर्वनिश्चित रक्कम देण्यास आरंभ केला. छातीवरील मोठ्या शस्त्रक्रियांच्या गटाचे उपद्रव व सहव्याधींच्या तीव्रतेनुसार उपगटही केले आहेत. भारतात आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना (२०१८) व महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांत शस्त्रक्रियांसाठी ठराविक दर आहेत. असे दर काटकसरीस उत्तेजन देतात. परंतु ते अपुरे असल्यास वृद्ध व अशक्त रुग्णांना शस्त्रक्रिया नाकारली जाण्याचा धोका संभवतो. शिवाय बुडालेली मजुरी, नातेवाइकांचा निवास व प्रवास हा खर्च रुग्णालयाच्या हिशेबात येत नाही. गरीब कुटुंबास तोच कर्जाकडे नेऊ शकतो.

प्रतिबंध : शस्त्रक्रियेपूर्वी धूम्रपान बंद करणे, श्वसनक्षमतेची तपासणी, श्वसनाचे व्यायाम, पुरेसे वेदनाशमन व रुग्णास लवकर हिंडते-फिरते करणे हे उपाय तुलनेने स्वस्त आहेत. १९९० नंतर प्रसार पावलेल्या दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेत उपकरणे महाग असली, तरी वेदना व मुक्काम कमी होतो. हवागळती चालू असलेल्या निवडक रुग्णांना निचरा नळीस एकदिश झडप जोडून घरी पाठविता येते. उपद्रव वेळीच ओळखला गेल्यास प्राण व पैसा दोन्ही वाचण्याचा संभव वाढतो. त्यामुळे अनुभवी परिचारिका व भौतिकोपचार तज्ञ यांवरील खर्च ही खरी काटकसरच ठरते.